दह दर दह आणि दोन फूट पाणी

फिकहच्या किताबांत ‘दह दर दह’ असा एक हिशेब आहे. दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौज असला तर थोड्याशा घाणीने त्यातले पाणी नापाक होत नाही. रंग, वास किंवा चव बदलली तरच होते. जुन्या मशिदींच्या हौजांत मासेही दिसतात. ते डासांच्या अळ्या खातात. माझ्या खिडकीतली काचेची पेटी मात्र जेमतेम दोन फुटांची. माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया एवढ्याशा पाण्यात काही दिवसांतच त्यांचा जीव घेऊ शकतो.

दुकानदार यावर फिल्टर आणि हवेचा पंप सुचवतो. चिमूरला मे महिन्यात वादळ सुटले की वीज गेलीच समजा. मी मातीवर भरवसा ठेवला. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये एका पुस्तकात ही रीत सविस्तर मांडली. तळाशी बागेतल्या मातीचा इंचभर थर, त्यावर धुतलेली वाळू, खिडकीचे ऊन आणि पहिल्या दिवसापासून भरपूर वनस्पती. पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात, म्हणजे माशाची घाण हेच त्यांचे खत. उर्दूत ज्याला ‘ज़ियाई तालीफ’ म्हणतात, त्या प्रयोगासाठी मी वर्गात हायड्रिला आणते. उरलेल्या काड्या पेटीत खोचल्या, त्या वाढतच गेल्या.

मासे बाजारात मिळाले. धीवरीणबाईंच्या टोपलीजवळच्या डबकीत निळ्या-रुपेरी पट्ट्यांचे, बोटाच्या पेराएवढे मासे होते. “बाई, या चिल्लरीले कोन खाते? घेऊन जा,” त्या म्हणाल्या. हा झेब्रा मासा. हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. २०१३ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार त्यात सापडले. चिल्लर खरीच, पण खणखणीत!

पहाटे उजाडताच मादी अंडी टाकते आणि नर-मादी दोघेही ती खाऊ लागतात. “आपा, माँ अपने अंडे खाती है?” मुलींना हे फार लागले. हायड्रिलाच्या दाट जुडीत पडलेली अंडी वाचतात. दोन-तीन दिवसांत सुईच्या टोकाएवढी पिल्ले काचेला चिकटलेली दिसतात. जुन्या पेटीत सूक्ष्म जीव आपोआप असतात, त्यामुळे सुरुवातीला वेगळे काही खाऊ घालावे लागत नाही.

गप्पी याहून सोपा. महिन्याभरात जिवंत पिल्ले देतो. पण घरी जास्त झालेले गप्पी तलावात सोडू का, असे कुणी विचारले की मी नाही म्हणते. डासांसाठी १९२८ मध्ये इटलीहून आणलेला गॅम्बुशिया देशी माशांची अंडी-पिल्लेही खातो, आणि बाहेरचा मासा एकदा तलावात गेला की परत काढता येत नाही.

यावर आठवीतली एक मुलगी उभी राहिली. तिचा धाकटा भाऊ गडचिरोलीकडे मामूंच्या घरी मलेरियाने फणफणला होता. “आपा, मछली बड़ी के भाई?”

भाऊ मोठा. याला दुसरे उत्तर नाही. बंद टाक्यात, घरच्या हौजात गप्पी सोडा, माझी ना नाही. पण तलावात अळ्या खाणारा आपला मासा आधीच असेल तर? तिला हे पटले नाही. न पटणे मला आवडले.

कूलरच्या टाकीतून अळ्या आणल्या. बरणीत चार झेब्रा मासे आणि मोजून तीस अळ्या सोडल्या. अळीचा डास होऊन उडाला असे कुणी म्हणायला नको, म्हणून तोंडाला मलमल बांधली. सकाळी तिने मोजले. चार उरल्या होत्या.

“ये चार कब खाएँगे?” असे म्हणत ती दप्तर न काढताच बरणीपाशी उभी राहिली.