एक सर्व्हर, दहा संगणक

आमच्या बडोद्यातल्या शिकवणीच्या खोलीत दहा जुने संगणक आहेत. एकातही हार्ड डिस्क नाही. बटण दाबलं की संगणक नेटवर्कवर हाक मारतो. कोपऱ्यातला सर्व्हर डीएचसीपीने त्याला पत्ता देतो, टीएफटीपीने सुरुवातीची फाइल पाठवतो आणि पुढे सगळं लिनक्सही तिथूनच येतं. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून उभारलेल्या ग्रंथालय व्यवस्थेत मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या, तसंच काहीसं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एकही संगणक सुरू होईना. सर्व्हर दोनदा तपासला, तो ठणठणीत. मुलं वह्या घेऊन ताटकळत उभी. शेवटी बारावीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "काका, वायफायसाठी मी घरचा राउटर लावलाय. त्यानं काही होतं का?"

तोही पत्ते वाटत होता. पण सुरुवातीची फाइल कुठे मिळेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. राउटरची वायर काढली आणि दहाही पडदे उजळले.

मुलगा ओशाळला. खरं तर चूक माझी होती. सगळी व्यवस्था माझ्या एकट्याच्या डोक्यात होती. आता तिचा नकाशा भिंतीवर आहे आणि सर्व्हरचा पासवर्ड त्या मुलाकडेही.