सारखी दिसणारी दोन नावे



आमच्या मदत केंद्रात गेल्या जूनमध्ये मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. अर्ज घेणाऱ्या संस्थेने वेब सेवा दिली होती, त्यामुळे आमच्या संगणकावरून माहिती थेट पाठवता येणार होती. अशा सेवेबरोबर तिची व्याख्या असलेली फाईल मिळते. तिला डब्ल्यूएसडीएल म्हणतात. ती वाचून जावाचा कोड आपोआप तयार करणारे साधन म्हणजे डब्ल्यूएस-इम्पोर्ट. आम्ही तिघे स्वयंसेवक कामाला बसलो. त्यातले आम्ही कला शाखेचे, तेव्हा आमचे काम याद्या वाचून दाखवण्याचे.

सुरुवातीलाच साधन सापडेना. 2018 मध्ये आलेल्या जावा 11 पासून ते जावाबरोबर येत नाही, वेगळे उतरवून घ्यावे लागते, हे कळायला एक संध्याकाळ गेली. मग दुसरी चूक दिसू लागली: एक नाव आधीच दिलेले आहे.

फाईलमध्ये विद्यार्थ्याच्या नावाचे दोन रकाने होते. एकात दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, दुसऱ्यात शब्द जोडलेले आणि मधले अक्षर कॅपिटल. जावासाठी नाव बनवताना साधन अंडरस्कोर गाळते आणि पुढचे अक्षर कॅपिटल करते. म्हणून त्याच्या लेखी दोन्ही नावे एकच झाली आणि ते थांबले.

"सर, दोन्ही एकच दिसतात. एक काढून टाकू?" कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने विचारले. उशीर झाला होता. आम्ही म्हणालो, "काढ."

आमच्याकडच्या प्रतीतून एक ओळ गेली. कोड तयार झाला, अर्ज गेले, आम्ही समाधानाने घरी गेलो.

आठवड्याने नऊ अर्ज परत आले. आम्ही त्या संस्थेला बोल लावला, मुलीलाही दोन शब्द ऐकवले. मग फाईल पुन्हा उघडली. प्रत्येक रकान्यावर खुलासा लिहिलेला होता: एक शाळेच्या दाखल्यावरचे नाव, दुसरे बँकेच्या पासबुकावरचे. आम्ही काढलेला रकाना पासबुकाचा होता. ज्यांची दोन्ही नावे जुळत होती त्यांचे निभावले. ज्यांचे घरचे नाव शाळेत आणि बाप्तिस्म्याचे नाव बँकेत, तीच मुले अडली.

खरा उपाय साधा होता. मूळ फाईलला हात लावायचाच नाही. बाजूला एक छोटी बाइंडिंग फाईल लिहायची, तिच्यात एका रकान्याला जावापुरते वेगळे नाव द्यायचे आणि कोड तयार करताना ती साधनाला द्यायची. उद्या संस्थेने व्याख्या बदलली, तरी नवी प्रत आणून त्याच बाइंडिंग फाईलसह कोड पुन्हा बनवता येतो. आम्ही तसे केले. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी नऊही अर्ज स्वीकारले गेले.

आमच्या रविवारच्या वर्गात एकाच नावाची दोन मुले आहेत. हाक मारताना घोळ होतो म्हणून आम्ही त्यातल्या एकाला घरी पाठवत नाही. एकाला थोरला म्हणतो, दुसऱ्याला धाकटा. जे वर्गात रोज करतो, ते संगणकापुढे विसरलो. चूक दिसेनाशी झाली, एवढ्यावरच आम्ही खूश होतो.

त्या नऊ घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. मुलीची क्षमा मात्र सगळ्यांसमोर मागितली, कारण बोललोही सगळ्यांसमोरच होतो.