जुन्या रस्त्याने अजिंठ्याला

आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि नातेवाइकांकडची मंगल परिणये. कचेरीतली रजा शिल्लक राहिली की ती शिबिरांत, निवेदनांत आणि जयंतीच्या धावपळीत संपायची. मंडळींनी कधी तक्रार केली नाही. निदान आम्हाला ऐकू येईल अशी केली नाही. २०२४ च्या डिसेंबरात मुले आजीकडे राहायला तयार झाली आणि आम्ही मोटारसायकलवर अजिंठ्याला जायचे ठरविले. वाशिम ते छत्रपती संभाजीनगर (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येते) सव्वादोनशे किलोमीटर. या वयात एवढे अंतर दुचाकीवर? म्हणून कचेरीतले सहकारी हसले. पण मोटार आमच्याकडे नाही, आणि बसने गेलो तर वाटेतल्या माणसांच्या घरी उतरता येत नाही.

सकाळी साडेसहाला निघालो. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, वरून हेल्मेट, तरीही थंडीने बोटे आखडली. मालेगावपर्यंत (हे जहांगीर मालेगाव, नाशिककडचे नव्हे) दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकलेली होती. सोयाबीन कधीच निघून गेले होते, आणि त्या रानात हरभरा वीतभर वर आला होता.

पहिला मुक्काम मालेगाव तालुक्यातल्या अक्काच्या गावी. मुक्काम कसला, दोन तासांचा थांबा. ओसरीत सोयाबीनची पोती छताला टेकलेली. सरकारचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलमागे ४,८९२ रुपये. व्यापारी त्याहून पुष्कळ खाली मागत होता. म्हणून दाजींनी माल अडवून धरला होता आणि पाहुण्यांनी बसायचे कुठे हा प्रश्न पडला होता. आम्ही पोत्यांवरच बसलो. अक्काने तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या, गरम भाकरी आणि ठेचा पुढे केला.

अक्काच्या घराची दीड एकर जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदला मिळाला, खोटे कशाला बोलावे. त्यातून दोन खोल्या पक्क्या झाल्या, धाकट्या मुलीचे लग्न झाले, आणि पैसा संपला. उरलेले रान रस्त्याच्या पलीकडे पडले. पूर्वी घरून शेत दिसायचे. आता पुलाखालच्या वाटेने वळसा घालून जावे लागते. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. आपल्या जिल्ह्यात तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. त्यावर दुचाकीला मनाई आहे. वेग पाहता ती योग्यच म्हणावी लागेल. जुलै २०२३ मध्ये याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून पंचवीस माणसे गेली, ती आठवण या भागात कोणी विसरलेले नाही. पण अक्काचा प्रश्न वेगळाच होता.

"भाऊ, वावर आपलं गेलं, अन् तुह्या गाडीले त्याच्यावर चढू देत नाई म्हनतेत. मंग तो रोड कोनाचा हाय?"

सर्वसाधारण सभेत आम्ही तासभर भाषण करतो. अक्काला मात्र "उशीर होतो, निघतो" एवढेच म्हणता आले. तिने डिकीत शेंगांची पिशवी कोंबली.

पुढे जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता. एके काळी ट्रक आणि आरामबसनी हा रस्ता रात्रंदिवस गजबजलेला असायचा. मेहकरला आलुबोंडा आणि कढी घेतली. मेहकरच्या पुढे एका टपरीवर गुळाचा चहा घेतला. मालक म्हणाला, "नवीन रोड झाल्यापासून गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. आता लोकं थांबतेत ते पंक्चर झाले तरच." त्याचे बोलणे अंगावर यायचे होते. दुसरबीड अलीकडे आमचे मागचे चाक बसले. अर्धा किलोमीटर गाडी ढकलली. मंडळी मागून जोर लावीत होत्या आणि हसत होत्या. पंक्चरवाल्या पोराने गळ्यातला निळा रुमाल बघून 'जयभीम' घातला, आणि पैसे घेण्यावरून आमची त्याची बरीच झोंबाझोंबी झाली. शेवटी पैसे दिलेच. चळवळीतला माणूस म्हणून फुकट काम करून घेण्याची सवय वाईट.

सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी, लखुजी जाधवांच्या वाड्यात, थोडा वेळ थांबलो. जालना पार करताना ऊन कलले होते, आणि औरंगाबादला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते.

तिथे मंडळींचे मामा राहतात. निवृत्त शिक्षक. वाशिमजवळच्या खेड्यातून एक पत्र्याची पेटी घेऊन ते नागसेनवनात आले आणि मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांनी १९५० साली हे महाविद्यालय सुरू केले नसते तर मामा गावी सालदारच राहिले असते. असे आम्ही नाही, मामाच म्हणतात. रात्री जेवताना त्यांनी विचारले, "जावईबापू, अजिंठ्याला काय पाहणार?" आम्ही म्हणालो, "चित्रे." मामा म्हणाले, "आधी सोळा नंबरच्या लेण्याबाहेरचा लेख पाहा. तुमच्या गावच्या राजाचं नाव आहे त्यात."

हे आम्हाला माहीत नव्हते, ही कबुली देतो. बी. कॉम. झालो, पण आपल्या गावाचा हिशेब कधी मांडला नाही. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. १९३९ साली वाशिमला राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला, तेव्हा ही शाखा नीट उजेडात आली. वाशिमजवळच्या हिस्से बोराळा गावी देवसेन राजाच्या काळातला शिलालेख मिळाला. शके ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८. त्यात स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे. या देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्खू संघाला दिले. आम्ही ज्या बोराळ्यावरून शेकडो वेळा गेलो, तिथल्या राजाच्या मुलाच्या दरबारातून हे दान गेले! शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या अजिंठ्यावर आमच्या वाशिमचे नाव कोणी कधी लिहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फर्दापूरच्या फाट्यावर गाडी उभी करून महामंडळाच्या बसने लेण्यांपर्यंत गेलो. (सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा.) सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दगडी हत्ती आहेत. वर व्हरांड्याच्या बाहेर, डावीकडच्या भिंतीवर तो लेख आहे. झिजलेला, ब्राह्मी अक्षरांचा. एक अक्षर वाचता येत नव्हते, तरी आम्ही दोघे त्याच्यासमोर इतका वेळ उभे राहिलो की पहारेकरी चौकशीला आला. "आम्ही वाशिमचे," असे आम्ही त्याला सांगितले. त्याला त्याचा अर्थ लागला नाही.

आत अंधार. डोळे सरावल्यावर डाव्या बाजूच्या भिंतीवर ते चित्र दिसले. इंग्रज अभ्यासकांनी त्याला 'मरणासन्न राजकन्या' असे नाव दिले होते; पुढे ती नंदाची पत्नी सुंदरी असल्याचे मानले गेले. नंद म्हणजे तथागतांचा सावत्र भाऊ. कपिलवस्तूत तथागत आले, त्यांचे पात्र हातात घेऊन नंद मागोमाग विहारापर्यंत गेला आणि तिथे त्याची प्रव्रज्या झाली. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्यात सुंदरी त्याला बजावते की माझ्या चेहऱ्यावरचे ओले रेखाटन वाळायच्या आत परत ये. तो येत नाही. चित्रात सेवक नंदाचा मुकुट घेऊन आला आहे, आणि तिची मान कलली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, सख्या तिला सावरताहेत. रंग काळवंडले आहेत, पण ती मान मात्र स्पष्ट दिसते.

आम्ही ही गोष्ट मंडळींना हलक्या आवाजात सांगितली. धम्माच्या व्याख्यानात नंदाची गोष्ट आम्ही अनेकदा सांगितली आहे. तेव्हा ती नेहमी नंदाचीच असते. मंडळी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला कुणी विचारलं होतं का?"

पाली परंपरेत तिनेही पुढे प्रव्रज्या घेतल्याचे सांगतात, असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "ते पुढचं. हे त्या दिवसाचं चित्र आहे."

मग पायऱ्यांवर बसून अक्काच्या उरलेल्या शेंगा खाल्ल्या. तिथे पहिल्यांदा आमच्या मंडळींनी धाकट्याच्या जन्माच्या रात्रीची गोष्ट काढली. त्या रात्री आम्ही एका गावी, बहिष्काराच्या तक्रारीवरून, पोलीस ठाण्यात बसलो होतो. दवाखान्यात सही करायला शेजारच्या काकू होत्या. ते काम सोडायला नको होते, हे त्यांनाही मान्य. "पण सकाळी आल्यावर तुम्ही आधी तिथलीच हकीकत सांगितलीत," त्या म्हणाल्या. सोळा वर्षे त्यांनी हे वाक्य जपून ठेवले होते. आम्ही सबबी शोधल्या, सापडल्या नाहीत. चूक झाली, एवढे बोललो.

परतताना बुलढाणा, चिखली, मेहकर असा रस्ता धरला. संध्याकाळी पुन्हा अक्काकडे. सोयाबीन तिथेच होते. आम्ही मोबाइलवर लेखाचा फोटो दाखविला. अक्काने चष्मा लावून निरखून पाहिला आणि विचारले, "आपल्या वाशिमच्या राजाचं नाव हाय म्हंता, मंग वाचता कोनाले येते?"

ब्राह्मी शिकविणारे कोणी आसपास आहे का, याची चौकशी मंडळींनी दुसऱ्याच दिवशी सुरू केली. मामांना फोन लावला तोही त्यांनीच.