दोन वेळा चहा

‘ताई, विश्वास कमी पडला.’ ह्यांच्या मातीला तीन दिवस झाले नव्हते, आणि करमाळ्यातल्या आमच्याच घरात, आमच्याच सतरंजीवर बसून एक प्रचारक हे बोलून गेले. 2020 च्या जानेवारीतली गोष्ट. ते वाक्य अजून कानातून निघत नाही.

ह्यांच्या किडन्या 2018 साली गेल्या. साखर होती, दुर्लक्ष झालं. साखरेच्या दुखण्याची गोष्ट घरोघरी हीच, त्यात वेगळं काय सांगणार? आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं परांड्यावरून बार्शी, चार तास डायलिसिसचं मशीन, संध्याकाळी परत. महात्मा फुले योजनेत मशीनचा खर्च सुटला. गाडीभाडं आणि बुडालेली रोजी कुठल्याच योजनेत बसत नाही. पाणी बाटलीनं मोजून. करमाळ्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच ते कळेल. केळ बंद. आमच्या तालुक्यातल्या कंदरची केळी परदेशात जातात, आणि ह्यांना एक फोड चालत नव्हती, कारण त्यातलं पोटॅशियम रक्तात साठलं की काळीज बंद पडतं.

डाव्या मनगटाशी शीर जोडून फिस्टुला केलेला होता. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय असं लागायचं. रात्री जाग आली की मी बोट ठेवून बघायचे. गुरगुर लागली की उद्याची मशीन होणार. प्रार्थनाही तशीच व्हायची, बोट तिथंच ठेवून. शेजारच्या वहिनींनी कमळाभवानीला ह्यांच्यासाठी नारळ फोडला आणि अंगाऱ्याची पुडी आणून दिली. मी नको म्हणू शकले नाही. ती अजून बायबलात आहे. आमच्या पाळकांना ठाऊक आहे, ते काही बोलले नाहीत.

आणि मग ते प्रचारक. आमच्या मंडळीतले नव्हेत, बाहेरगावाहून मेळाव्याला आलेले. पहिल्या दिवशी घरी आले, ह्यांच्या कपाळाला तेल लावलं, तासभर प्रार्थना केली. आवाज असा की गल्ली गोळा झाली. दुसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, ‘बंधू, तुम्ही बरे झालात. आता मशीनवर जाणं म्हणजे देवावर अविश्वास. मेळाव्यात उभं राहून साक्ष द्या.’ ह्यांनी साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यातल्या दोन्ही पाळ्या आम्ही चुकवल्या.

चौथ्या दिवशी पाय सुजले, पाचव्या दिवशी तोंड. सातव्या रात्री ह्यांना आडवं होता येईना, भिंतीला टेकून नुसता श्वास ओढत होते. शेजारच्यांच्या जीपनं बार्शीला नेलं. डॉक्टर ह्यांना काहीच बोलले नाहीत, मला मात्र बोलले. बोलणारच. वाचले, आणि त्यानंतर चौदा महिने जगले. त्या चौदा महिन्यांत एकही पाळी चुकली नाही.

म्हणजे विश्वास कमी कुठं पडला? पहाटे चारला उठून, सुया टोचून घ्यायला, शंभराच्या वर वेळा जो माणूस ‘चल गं, देव आहे’ म्हणत एसटीत चढला, त्याचा?

त्या दिवशी, मातीनंतर, त्या प्रचारकांपुढं उत्तर मला सुचलं नाही. कोपऱ्यातल्या बाजेवरनं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलल्या. ऐंशी ओलांडलेल्या, पोटचा मुलगा गेलेला. लहानपणी केडगावच्या मुक्ती मिशनात वाढल्या, त्यामुळं ते मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचं सगळं त्यांना तोंडपाठ. ‘बाईंचे आई-बाप, भन दुष्काळात गेली. मग भाऊ. लग्नाला दोन वर्सं न्हाईत तर नवरा. म्हातारपणी एकुलती लेक मनोरमा. बाईंचाबी इस्वास कमी पडला व्हता का?’ प्रचारक खाली बघत राहिले. मनोरमा गेली 1921 साली, रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 ला. शेवटपर्यंत मराठी बायबलाचं भाषांतर हातातलं सोडलं नाही. ते छापून निघालेलं बघायला त्या नव्हत्या, 1924 साल उजाडलं.

बायबलातल्या ईयोबाचे तीन मित्र आठवतात मला. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं नासवलं. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही. आमच्या पाळकांचं मला म्हणूनच बरं वाटतं. ते आले, दाराशी बसले, बायकोनं दिलेला भाकरीचा डबा ठेवून गेले. एक शब्द नाही.

पण खरं सांगते, सगळं त्या माणसावर ढकलून चालणार नाही. ‘बरे झालात’ म्हटल्यावर ह्यांच्याआधी मी ‘आमेन’ म्हटलं होतं. मीच कंटाळले होते त्या एसटीला. ह्यांनी एकदा विचारलं, ‘जाऊया का गं बार्शीला?’ आणि मी म्हटलं, ‘बघू उद्या.’ तो उद्या सात दिवसांनी आला. हे मी मंडळीत कधी सांगितलेलं नाही. रविवारी उपासनेला जाते, मागच्या बाकावर बसते. कधी कधी गाणं तोंडातून फुटत नाही, तरी जाते. का, ते विचारू नका. घरी बसून बघितलं एकदा, तीन रविवार. ते जास्त अवघड होतं.

तुमच्या घरात कुणी मशीनवर असेल आणि कुणीही, कितीही मोठ्या आवाजाचा, पाळी चुकवा म्हणत आला, तर त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवा. चहासुद्धा विचारू नका.

मी विचारला होता. दोन्ही दिवशी.