कोमल गांधारावरची भीती

२ नोव्हेंबर, वाकड.

आज कॅथलिकांचा मृतात्म्यांचा दिवस. समोरच्या फ्लॅटमधल्या गोव्याच्या काकू सकाळीच दफनभूमीत मेणबत्त्या लावून आल्या. म्हणाल्या, "लहानपणी मयताच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, लॅटिनमध्ये 'दिएस इरे' गायचे. कळायचं काही नाही, पण अंगावर काटा यायचा."

रात्री ते स्तोत्र हेडफोन लावून ऐकलं. (भूमकर चौकाच्या हॉर्नवर दुसरा उपाय नाही.) तेराव्या शतकातली रचना, बहुधा सेलानोच्या थॉमसची. साथ नाही, ठेका नाही, सगळे मिळून एकच चाल गातात. आणि स्वर चक्क काफी थाटाचे! सुरुवात कोमल गांधारावर. तिथून चाल षड्जावर उतरली की पोटात खड्डा पडतो. शब्द न्यायाच्या दिवसाचे: जगाची राख, कर्णा, मग उघडणारी हिशेबाची वही. चित्रगुप्ताचीच म्हणा ना. घरात मयत झालं की गरुडपुराण लावणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये. फक्त इथे वर्णनाची हळूहळू विनवणी होते. गाणारा स्वतःसाठीच दया मागू लागतो. मला तोच भाग थोर वाटतो.

१८३० मध्ये फ्रेंच संगीतकार बर्लिओझने ही चाल सिंफनीत घेतली. 'द शायनिंग' या भयपटाच्या सुरुवातीलाही तीच आहे. मात्र कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर अंत्यविधीच्या मिसेतून तिला वगळलं. भीतीपेक्षा पुनरुत्थानाची आशा पुढे यावी म्हणून. शोकाकुल घराला धाक घालू नये, हे पटतं. पण काकूंची मुलं आता ही चाल फक्त भुताच्या सिनेमातली म्हणून ओळखतात, याला काय म्हणावं?