खोक्यातला गिरगिट

मागच्या ऑक्टोबर महिन्यात आठवीतल्या एका मुलाने वर्गात बुटांचे खोके आणले. झाकणाला भोके पाडलेली होती. आत एक हिरवा शॅमेलिऑन होता. उर्दूत तुम्ही ज्याला गिरगिट म्हणता, तोच. पण कुंपणावर मान हलवणारा साधा सरडा नव्हे. याची शेपटी गुंडाळलेली, डोळे दोन दिशांना फिरणारे आणि चाल म्हाताऱ्या माणसासारखी संथ. ‘‘सर, हा विषारी असतो का?’’ सगळ्यांनी एकदम विचारले. तो मुळीच विषारी नसतो. मी मात्र त्याच्या फुगलेल्या पोटाकडे पाहत होतो.

मी सातवीत असताना असाच एक गिरगिट इथल्या रानातून घरी आणला होता. त्याला लाकडी पेटीत ठेवले आणि वर जाळी बांधली. दुधात भिजवलेली भाकरी दिली, तर त्याने ढुंकूनही पाहिले नाही. पाण्याची वाटीही तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी मी त्याला अंगणातल्या मेंदीवर बसवले. अम्मी झाडांना पाणी घालत होती. तेव्हा पानांवरचे थेंब तो एकेक करून पिऊ लागला! वाटीत साचलेले पाणी त्याला पाणी वाटतच नव्हते.

मग मी नाकतोडा आणला. गिरगिटाने दोन्ही डोळे त्याच्यावर रोखले, आणि क्षणात नाकतोडा नाहीसा झाला. गिरगिटाची जीभ त्याच्या अंगापेक्षा लांब असते. तिच्या टोकाची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे 400 पट घट्ट असते, असे बेल्जियम व फ्रान्समधील संशोधकांना 2016 साली आढळले. मी दिवसभर नाकतोडे पकडत फिरू लागलो. अभ्यास बाजूलाच राहिला, हे तुम्हांला सांगायला नको!

थंडी पडू लागली, तशी मी पेटी आतल्या अंधाऱ्या खोलीत नेली. गिरगिट मलूल झाला. आपले शरीर आतून गरम राहते. गिरगिटाला मात्र ऊब उन्हातून घ्यावी लागते. ऊन मिळाले नाही, तर खाल्लेले पचत नाही, पोटात तसेच पडून राहते. दादीला हे कोणी शिकवले नव्हते. तरी तिनेच पेटी उचलून उन्हात ठेवली. दोन दिवसांत तो पुन्हा खाऊ लागला.

पुढे त्याचे पोट वाढले. मी खूश झालो. वाटले, माझ्या हातचे खाऊन तो धष्टपुष्ट झाला. मग त्याने खाणे सोडले. रात्रंदिवस तो पेटीचा तळ पायांनी खरवडत राही. बाहेर पडायला धडपडतो आहे, असे समजून मी जाळी आणखी घट्ट बांधली. एका सकाळी तो मेलेला दिसला. शेजारी तीन पांढरी अंडी होती. बाकीची पोटातच राहिली होती.

‘तो’ नव्हताच, ती मादी होती. गिरगिटाची मादी अंडी घालायला झाडावरून खाली उतरते, जमिनीत बीळ खणते, आत दहा ते तीस अंडी घालते आणि माती लोटून निघून जाते. माती मिळाली नाही, तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे गिरगिट पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण ठाऊक नसल्याने तिचे काय भले झाले? तिला वीतभर माती हवी होती, आणि अंगणभर माती असताना ती मी दिली नाही.

हे सारे मी त्या दिवशी वर्गात सांगितले. खोके आणणारा मुलगा खाली मान घालून बसला होता. शाळा सुटल्यावर आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी गेलो. जिथून त्याने तिला पकडले होते, त्याच बोरीवर तिला सोडले. ती पानांत शिरली आणि दिसेनाशी झाली.

चौथ्या दिवशी तो मुलगा धावत आला. ‘‘सर, ती खाली उतरली होती! मी लांबूनच पाहिले. तिने खड्डा बुजवला आणि पायांनी मातीसुद्धा सारखी केली.’’

अंडी फुटायला कित्येक महिने लागतात. तो मुलगा अजूनही त्या बोरीपाशी आला, की वाट सोडून वळसा घालून जातो.