आपला माणूस आणि दुल्हेभाईंचे मत

नोव्हेंबर 2022 मधली बुधवारची सकाळ. मी डब्यासाठी चपात्या लाटत होते. अम्मी शेजारी खुर्चीवर तसबीह घेऊन बसली होती. इतक्यात मोठ्या आपाच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. आपा गेली बावीस वर्षे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराला लागून असलेल्या उपनगरात राहते. आमच्या सोलापुरात सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे तिथे मंगळवारची रात्र, साडेआठ. निवडणुकीची रात्र. भाचीच्या जॅकेटवर लाल रंगाचे गोल स्टिकर होते. तिथे बोटाला शाई लावत नाहीत, मत दिले की स्टिकर देतात.

"नानी, मैंने पहली बार वोट दिया. कीथ एलिसन को!"

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण, असे विचारले तर अम्मी अजून मागच्याच्या मागचे नाव सांगते. पण कीथ एलिसन तिला माहीत आहेत. 2006 साली ते अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले, तिथे पोहोचलेले पहिले मुसलमान. जानेवारी 2007 मध्ये त्यांनी कुरआनवर हात ठेवून शपथ घेतली. ती प्रत थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली होती, जॉर्ज सेलने केलेला इंग्रजी तर्जुमा. खरे तर सभागृहातली अधिकृत शपथ सगळे सदस्य एकत्र, हातात कुठलाही ग्रंथ न घेता घेतात. ग्रंथावरची शपथ नंतर, फोटोपुरती असते. पण तो फोटो जगभर गेला. आमच्या अब्बांनी (अल्लाह त्यांची मग़फिरत करो) तो उर्दू पेपरातून कापून अलमारीच्या दाराला आतून चिकटवला होता. अब्बा गेले, अलमारी राहिली, फोटो पिवळा पडला. अम्मीने तो काढू दिलेला नाही.

म्हणून अम्मी खूश झाली. "माशाअल्लाह. तेरे अब्बा भी उसीको दिये ना?"

भाची काही बोलेना. मागून दुल्हेभाईंचा आवाज आला, "नै दिया, अम्मी."

आमच्या स्वयंपाकघरात एकदम शांतता झाली. तव्यावरची चपाती करपली.

ही निवडणूक होती राज्याच्या ॲटर्नी जनरलची. आपल्याकडे हे पद निवडणुकीने भरतच नाहीत, त्यामुळे थोडे सांगायला हवे. राज्याचा सर्वोच्च वकील म्हणजे आपला महाधिवक्ता. संविधानाच्या कलम 165 प्रमाणे राज्यपाल त्याची नेमणूक करतात, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. प्रख्यात कायदेपंडित एच. एम. सीरवाई 1957 ते 1974 अशी सतरा वर्षे आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. त्यांना कधी कुणाच्या दारात मत मागायला जावे लागले नाही. अमेरिकेत पन्नासपैकी त्रेचाळीस राज्यांत मात्र लोक हा वकील मतदानाने निवडतात. त्याची सभा होते, जाहिराती होतात, आणि किराणा दुकानदारसुद्धा ठरवतो की सरकारचा वकील कोण असावा.

एलिसन 2018 साली संसद सोडून या पदासाठी उभे राहिले आणि निवडून आले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात सबंध राज्याच्या मतांवर निवडून आलेले ते पहिले मुसलमान. संसदेतली त्यांची जागा त्याच दिवशी इल्हान उमर यांनी जिंकली. तेव्हा आमच्या घरी शीरखुर्मा झाला होता, ईद नसताना.

त्याच 2018 च्या प्रचारात एलिसन यांच्या एका जुन्या मैत्रिणीने त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप केला होता. त्यांनी तो नाकारला. त्यांच्याच पक्षाने नेमलेल्या वकिलाने चौकशी करून आरोपाला पुष्टी मिळत नाही असे सांगितले. हे मला 2022 मध्ये, या सगळ्या वादात, पहिल्यांदा कळले. शीरखुर्मा ढवळताना आम्ही कुणी काही वाचलेच नव्हते. आपला माणूस म्हटल्यावर वाचायचे काय?

बुधवारी त्या कॉलनंतर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुल्हेभाईंची जी धुलाई झाली, ती मी इथे लिहीत नाही. मामूंनी तर "अमेरिकेत जाऊन माणूस ईमान विकतो" इथपर्यंत मजल मारली. मामूंना ॲटर्नी जनरल म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मलाही तोवर धड ठाऊक नव्हते, आणि मी नववी-दहावीला मराठी आणि राज्यशास्त्र शिकवते.

दुल्हेभाईंची बाजू मला शनिवारी कळली. मीच फोन केला. ते मुळात अबोल. दुकानाचे नाव निघाले आणि बोलू लागले.

त्यांचे छोटे किराणा दुकान मिनियापोलिसमध्ये लेक स्ट्रीटच्या आसपास आहे. 25 मे 2020 रोजी त्या शहरात डेरेक शॉविन नावाच्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून ठेवला. फ्लॉइड मेला. सतरा वर्षांच्या एका मुलीने मोबाइलवर ते चित्रित केले म्हणून जगाला कळले. पुढचे चार-पाच दिवस लेक स्ट्रीट पेटत होता. 28 मेच्या रात्री पोलीस ठाणेच जाळले गेले. दुल्हेभाईंच्या दुकानाची काच फुटली, गल्ला गेला, तांदळाच्या गोण्या गेल्या. "गोणी घेऊन जाणाऱ्यांपैकी दोघं माझी रोजची गिऱ्हाइकं होती," ते म्हणाले. "त्यांना मी उधार देत होतो." विम्याचे पैसे यायला वर्ष गेले. त्यानंतरही दोनदा दुकान फुटले. रात्री नऊनंतर आपा त्यांना दुकान उघडे ठेवू देत नाही.

2022 च्या प्रचारात एलिसन यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाचे जिम शुल्ट्झ होते. तरुण वकील, निवडणुकीत नवखे. त्यांचा सगळा भर गुन्हेगारीवर होता: शहरात चोऱ्या, मारामाऱ्या वाढल्या, मी आलो तर या कार्यालयात फौजदारी वकील वाढवीन. दुल्हेभाईंना हे पटले. "मला कोण मुसलमान आहे ते नको सांगू. माझी काच कोण वाचवणार ते सांग."

मी दोन संध्याकाळी बसून त्या पदाची माहिती वाचली होती. (मास्तरीण आहे, राहवत नाही.) मिनेसोटात चोरी, दरोडा, खून यांचे खटले चालवायचे काम मुख्यतः काउंटी ॲटर्नीचे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या सरकारी वकिलाचे असते, आणि तोही तिथे निवडून येतो. राज्याचा ॲटर्नी जनरल फौजदारी खटल्यात साधारणपणे तेव्हाच उतरतो, जेव्हा काउंटी ॲटर्नी मदत मागतो किंवा गव्हर्नर खटला त्याच्याकडे सोपवतो. त्याचे रोजचे काम वेगळे: सरकारी खात्यांची वकिली, फसवणाऱ्या कंपन्यांवर दावे, ग्राहकांची बाजू. पुढे 2023 मध्ये एलिसन यांच्या कार्यालयाने मुलांना ई-सिगारेटची चटक लावल्याच्या दाव्यात जूल कंपनीशी सहा कोटी डॉलरच्या वर तडजोड केली. 2024 मध्ये एली लिली कंपनीला महिना 35 डॉलरमध्ये इन्सुलिन द्यायला कबूल करवले. अम्मी रोज इन्सुलिन टोचून घेते. तिला मी हे सांगितले तेव्हा शपथेच्या फोटोपेक्षा तिला तेच मोठे वाटले.

पण ते नंतरचे. त्या शनिवारी मी दुल्हेभाईंना म्हटले, "तुमच्या काचेचा माणूस तर त्याच मतपत्रिकेवर वेगळ्या रकान्यात होता. हेनेपिन काउंटीच्या ॲटर्नीची निवडणूक त्याच दिवशी झाली. ते मत कुणाला दिलंत?"

ते गप्प. मग म्हणाले, "इतनी लंबी थी पर्ची. गव्हर्नर, ऑडिटर, जज, शाळेचं बोर्ड. तो रकाना मी कोरा सोडला."

मला जिंकल्यासारखे वाटले, हे कबूल करते. तोंडातून निघून गेले, "मग राग एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला झाली ना!"

"तू मला नागरिकशास्त्र शिकवू नकोस," दुल्हेभाई एकदम तापले. इतक्या वर्षांत ते मला कधी असे बोलले नव्हते. "तुमच्या सगळ्यांच्या रागाचं कारण मी कोरा रकाना सोडला हे होतं? मामूंना काउंटी ॲटर्नी माहीत होता? तुम्हाला माझं मत नको होतं, तुम्हाला अब्बांच्या अलमारीवरचा फोटो पाहिजे होता."

माझ्याकडे उत्तर नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनीच दुसरी गोष्ट सांगितली. फ्लॉइडच्या मृत्यूनंतर आठवडाभरात गव्हर्नरने तो खटला एलिसन यांच्याकडे सोपवला होता. पोलिसाला खुनासाठी दोषी ठरवणे अमेरिकेत फार अवघड, एलिसन यांनी सुरुवातीलाच तसे बजावले होते. त्यांनी बाहेरचे नामवंत वकील गोळा केले. भारतीय वंशाचे नील कात्याल त्यांत होते, फी न घेता. 20 एप्रिल 2021 ला निकाल लागणार म्हणताच लेक स्ट्रीटवरच्या दुकानदारांनी खिडक्यांना पुन्हा लाकडी फळ्या ठोकल्या. दुल्हेभाईंनीही ठोकल्या. रमजान होता. आत बंद दुकानात, अंधारात, ते मोबाइलवर निकाल ऐकत बसले. तिन्ही आरोपांत दोषी. बाहेर लोक ओरडायला लागले, आणि यांना वाटले की पुन्हा सुरू झाले. दार किलकिले करून पाहिले तर रस्त्यावर माणसे एकमेकांना मिठी मारून रडत होती. "मी पण रडलो," ते म्हणाले. "त्या मगरिबला इफ्तारच्या आधी एलिसनसाठी दुआ केली. नाव घेऊन. पण दुआ वेगळी आणि वोट वेगळं, बीबी."

शॉविनला पुढे जूनमध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

आमच्याकडे निवडणूक जवळ आली की जुम्याच्या बयानात हमखास ऐकायला मिळते की वोट म्हणजे गवाही. गवाही कशी द्यावी, तर न्यायाने. स्वतःच्या, आईबापांच्या, नात्यागोत्याच्या विरुद्ध गेली तरी. हा हुकूम आम्ही सगळ्यांनी लहानपणी मदरशात पाठ केलेला. त्या आठवड्यात ग्रुपवर मात्र एकालाही तो आठवला नाही. मलाही नाही. दुल्हेभाईंचे मत मला आजही चुकीचे वाटते. पदाचे काम न बघता त्यांनी ते दिले. पण आमचा हट्टही पदाचे काम न बघताच होता, आणि त्यांच्या चुकीमागे निदान एक फुटलेली काच होती.

भाचीचे वेगळेच होते. तिने महिनाभर कडाक्याच्या थंडीत दारोदार फिरून एलिसन यांचा प्रचार केला होता. मी तिला विचारले, ते मुसलमान आहेत म्हणून का? ती हसली. म्हणाली, "खाला, मी ज्या दारांवर गेले त्यांतली बहुतेक ख्रिश्चनांची होती. तिथे मी इन्सुलिनबद्दल बोलत होते." वडिलांशी तिचे त्या महिन्यात बोलणे जवळपास बंद होते. रात्री ते दुकानातून उशिरा यायचे, ती प्रचारातून उशिरा यायची. दोघांचे जेवण आपा झाकून ठेवायची, दोन वेगळ्या ताटांत.

निकाल फार अटीतटीचा लागला. पंचवीस लाखांच्या आसपास मते पडली आणि एलिसन सुमारे एकवीस हजारांनी जिंकले, एक टक्क्याहूनही कमी फरकाने. त्या राज्यात रिपब्लिकन पक्षाने हे पद शेवटचे जिंकले ते 1966 साली. यावेळी ते हातातोंडाशी आले होते. ग्रुपवर मुबारकबाद सुरू झाली. मामूंनी हार घातलेला फोटो टाकला. दुल्हेभाईंनी काहीच लिहिले नाही. आपाने फक्त एक अंगठा दाखवला, तो कुणाला होता कोण जाणे.

मी चार निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून केंद्रावर बसले आहे. रजिस्टरवर सही घ्यायची, शाई लावायची, आणि मतदार यंत्रासमोरच्या पुठ्ठ्याआड गेला की नजर दुसरीकडे वळवायची. हातारे लोक आतूनच ओरडून विचारतात, "बाई, कुठलं बटन दाबू?" तेव्हा मीच करड्या आवाजात सांगते, "आजोबा, सांगायचं नाही, विचारायचं नाही."

तरीही त्या डिसेंबरात आपा एकटी फोनवर सापडली तेव्हा मी विचारलेच. लेक एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. तू कुणाला दिलंस?

"अम्मीचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवतेस ना नीट?" आपा म्हणाली. "लाइट जाते तुमच्याकडे."

"आपा, मी काय विचारलं?"

"ऐकलं मी. आणि दाराच्या कप्प्यात ठेव, मागे ठेवलं की गोठतं."